प्रश्नोत्तरे : रिपोर्ट माझ्या नावाचा, बोल तिच्या वाट्याला

प्रश्न : लग्नाला सहा वर्षं झाली. बायकोला तीन वेळा दिवस गेले आणि तिन्ही वेळा दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात गर्भ पडला. दोनदा तर सोनोग्राफीत ठोकेच आले नाहीत, पिशवी साफ करावी लागली. तिच्या नाना तपासण्या झाल्या. फाइल जाडजूड झालीय आणि वर ‘बीओएच’ लिहिलंय. आईच्या सांगण्यावरून त्र्यंबकेश्वरला नारायण नागबळी केला. पत्रिका पुन्हा दाखवली तर ‘एक नाडी’ निघाली. (आईलाही माझ्याआधी दोनदा असंच झालं होतं. पुढे आम्ही तिघं भावंडं झालो.) शेवटी एका डॉक्टरांनी आम्हा दोघांचं रक्त गुणसूत्रांच्या तपासणीला पाठवलं. माझा पहिला नमुना ‘वाढला नाही’ म्हणून पुन्हा द्यावा लागला. बायकोचा रिपोर्ट नॉर्मल आहे. माझ्या रिपोर्टवर ४५ आहेत. सगळ्यांना ४६ असतात म्हणे. मी दिवसभर शेतात राबतो, मला कसला त्रास नाही. मग एक कमी कसं? याला औषध आहे का? टेस्ट ट्यूब बेबी करावं का? धाकट्या भावाचं लग्न ठरतंय, त्याला सांगावं का? घरी अजून काही बोललेलो नाही.
– एक वाचक, पुणतांबा (ता. राहाता)

उत्तर : तुमच्या गावच्या चांगदेवांनी ज्ञानेश्वरांना कोरंच पत्र पाठवलं होतं म्हणतात. तुम्ही मात्र कागदाच्या दोन्ही बाजू भरल्यात आणि वर रिपोर्टची झेरॉक्सही जोडलीत. बरं केलंत. गावाचं नाव तेवढं ठेवून बाकी ओळख आम्ही गाळली आहे.

झेरॉक्सवर ‘४५, एक्स-वाय’ आहे आणि त्यापुढे ‘डेर’ लिहून कंसात १३ आणि १४. हा कंस कुणी तुम्हाला समजावून सांगितलेला दिसत नाही, म्हणून सगळा घोळ ४५ या आकड्यावर येऊन थांबलाय. तुमच्यात गुणसूत्र हरवलेलं नाही. तेरा नंबरचं एक आणि चौदा नंबरचं एक, अशी दोन गुणसूत्रं टोकाला एकमेकांना चिकटून एक झाली आहेत. मोजताना ती एकच धरली जातात. माल पुरता आहे, नग एकानं कमी भरतो इतकंच. १३, १४, १५, २१ आणि २२ या पाच जोड्यांतल्या गुणसूत्रांची एक बाजू अगदी आखूड असते. तिच्यावरच्या कामाच्या जनुकांच्या भरपूर प्रती उरलेल्या गुणसूत्रांवरही असतात. त्यामुळे जोडताना तो आखूड तुकडा गळून पडला तरी शरीराला त्याची उणीव भासत नाही. तुम्ही धडधाकट आहात ते यामुळेच.

अशा जोडाला ‘रॉबर्टसोनियन ट्रान्सलोकेशन’ म्हणतात. रॉबर्टसन नावाच्या अमेरिकन संशोधकानं १९१६ साली तो पहिल्यांदा वर्णिला, तोही माणसात नव्हे, नाकतोड्यांत. माणसांत हजारात साधारण एकाला असा कुठला तरी जोड असतो आणि त्यांत १३-१४ ची जोडी सर्वांत जास्त आढळते. म्हणजे लाखभर वस्तीच्या शहरात तुमच्यासारखे शंभरेक लोक हिंडत असतात आणि त्यांतल्या बहुतेकांना याचा पत्ताही नसतो. आणि हो, ४६ हा आकडाही काही अनादी काळापासून ठरलेला नाही. १९५६ साली जावा बेटावर जन्मलेले जो हिन त्यियो आणि त्यांचे स्वीडिश सहकारी अल्बर्ट लेवान यांनी नीट मोजून दाखवेपर्यंत पाठ्यपुस्तकांत ४८ छापलं जायचं.

मग गर्भ का पडतात? शुक्राणू तयार होताना गुणसूत्रांची वाटणी होते, तिथे अडचण येते. पुणतांबा जंक्शनवरचाच दाखला घ्या. दौंडकडून आलेली लाइन तुमच्याकडे फुटते, एक मनमाडला जाते, एक शिर्डीला. समजा फलाटावर मनमाडचे डबे दोन आणि शिर्डीचे दोन आहेत, पण त्यांतला मनमाडचा एक आणि शिर्डीचा एक पक्के जोडलेले आहेत, सुटत नाहीत. आता दोन गाड्या सोडायच्या आणि प्रत्येकीत दोन्हीकडचा एकेक डबा गेला पाहिजे. जोडडबा एका गाडीला आणि दोन्ही सुटे डबे दुसरीला लागले तर सगळं सुरळीत. पण जोडडब्याबरोबर मनमाडचा सुटा डबाही गेला, की त्या गाडीत मनमाडचे दोन होतात आणि दुसरीत एकही राहत नाही. तुमच्यात मनमाडच्या जागी तेरा आणि शिर्डीच्या जागी चौदा नंबर धरा.

अशा वाटणीचे सहा प्रकार होतात. एकात सुटे १३ आणि १४ जातात, त्यातून ४६ गुणसूत्रांचं मूल होतं. दुसऱ्यात जोड जातो, त्यातून तुमच्यासारखंच ४५ वालं आणि तुमच्यासारखंच निरोगी मूल. उरलेल्या चारांत काही तरी एक जास्त नाही तर एक कमी. तेरावं किंवा चौदावं कमी पडलं तर गर्भ इतक्या लवकर संपतो, की कित्येकदा पाळी चार दिवस लांबली एवढंच जाणवतं. चौदावं जास्त झालं तर पहिल्या तीन महिन्यांतच ठोके थांबतात. तेरावं जास्त असलेला गर्भही बहुतेक वेळा पडतोच, पण क्वचित पूर्ण दिवस भरतात आणि फार गंभीर व्यंगं असलेलं बाळ जन्मतं. त्याला पटाउ सिंड्रोम म्हणतात. वडील वाहक असताना हा धोका शंभरात एकाहूनही कमी आहे. आणखी एक गोष्ट अगदीच विरळा घडते : चौदाव्याच्या दोन्ही प्रती एकाच पालकाकडून येतात आणि त्यातून वेगळा आजार होतो. याची शक्यताही एक टक्क्याच्या आतच, पण जनुकीय समुपदेशक याबद्दल बोलले तर दचकू नका.

‘सहांत चार वाईट’ वाचून पोटात गोळा येईल, पण हे सहा प्रकार सारख्या प्रमाणात होत नाहीत. तुमच्यासारखा जोड असलेल्या पुरुषांचे शुक्राणू तपासले तेव्हा बहुसंख्य शुक्राणूंत वाटणी बरोबर झालेली आढळली.

आता एक गोष्ट जी रिपोर्ट हातात पडल्यावर सहसा कुणी बोलत नाही. तिन्ही गर्भ या जोडामुळेच पडले, असं छातीठोकपणे म्हणता येत नाही. याच जोडासह तीन-चार मुलांचे बाप झालेली आणि घरात एकही गर्भपात न झालेली माणसं आहेत. कळून आलेल्या गर्भधारणांपैकी १० ते १५ टक्के एरवीही पडतात. सुरुवातीच्या तीन महिन्यांत पडणाऱ्या गर्भांपैकी जवळपास निम्म्यांत गुणसूत्रांची चूक असते, तीही आईबाप दोघं नॉर्मल असताना, त्या एका गर्भापुरती. बाईचं वय पस्तिशीपुढे गेलं की हे प्रमाण वाढतं. वारंवार गर्भपात होणाऱ्या जोडप्यांत आईत किंवा बापात असा संतुलित दोष सापडतो तो फक्त २ ते ५ टक्क्यांत, आणि त्यांतही वाहक बायका पुरुषांपेक्षा जास्त असतात. तेव्हा ‘सापडला दोषी’ म्हणून तिची बाकीची फाइल बंद करू नका.

खरा पुरावा पडलेल्या गर्भातच होता. दोनदा पिशवी साफ केली, तेव्हा काढलेल्या भागाची गुणसूत्रं तपासली असती तर उत्तर मिळालं असतं. तो भाग बहुधा फॉर्मलिनच्या बाटलीत टाकून पॅथॉलॉजीला गेला असेल. सगळीकडे तसंच करतात. पण फॉर्मलिनमध्ये पेशी मरतात आणि मग त्या वाढवून गुणसूत्रं मोजता येत नाहीत. देव करो आणि पुन्हा अशी वेळ न येवो. आलीच, तर ऑपरेशन थिएटरमध्ये नेण्याआधी डॉक्टरांना सांगायचं, की थोडा भाग निर्जंतुक सलाइनमध्ये वेगळा ठेवा, त्याची मायक्रोअॅरे ही गुणसूत्रांची तपासणी करायची आहे. हे वाक्य कागदावर लिहून पाकिटात ठेवा. त्या दिवशी डोकं ठिकाणावर नसतं.

‘नमुना वाढला नाही’ याचा अर्थ तुम्ही विचारलेला नाही, पण पत्रात त्याचा वैताग दिसतोय. साखरेची किंवा थायरॉइडची तपासणी मेलेल्या रक्तावरही चालते, इथे पेशी जिवंत लागतात. म्हणून हे रक्त हेपरिन असलेल्या, बहुधा हिरव्या टोपणाच्या नळीत घेतात. उपाशीपोटी जायची गरज नसते. नमुना फ्रीझरमध्ये टाकायचा नाही आणि उन्हात तापलेल्या गाडीतही ठेवायचा नाही. मे महिन्यात कुरिअरनं पुण्या-मुंबईला निघालेली नळी वाटेत भाजून निघाली तर पांढऱ्या पेशी वाढणार कुठून! लॅबमध्ये त्या ३७ अंशांवर साधारण ७२ तास वाढवतात. एरवी रक्तातल्या या पेशी विभागत नाहीत. त्यांना जागं करायला जो पदार्थ घालतात तो घेवड्याच्या बियांतून काढलेला असतो. १९६० साली पीटर नॉवेल यांच्या लक्षात आलं, की त्यानं पेशी विभागायला लागतात. मग पेशी ऐन विभागणीत थांबवायच्या, कारण तेव्हाच गुणसूत्रं आखडून सुटी-सुटी दिसतात. त्यासाठी कोल्चिसिन किंवा त्याचा भाऊबंद वापरतात. पावसाळ्यात कुंपणावर लाल-पिवळ्या ज्वाळेसारखी फुलणारी आपली कळलावी आहे ना, तिच्या कंदात हेच कोल्चिसिन असतं. (ती जहाल विषारी आहे. बाळंतपणात तिचा कंद वापरायचे जुने उपाय कुणी सुचवले तर लांबूनच नमस्कार करा.) पुढे पेशी क्षारांच्या पातळ पाण्यात फुगवतात, काचपट्टीवर पसरतात आणि रंगवतात. गुणसूत्रांवर गडद-फिकट पट्टे उमटतात. वीसेक पेशींची गुणसूत्रं माणूस डोळ्यांनी मोजतो आणि पट्टे जुळवून जोड्या लावतो. रिपोर्टला दोन-तीन आठवडे लागतात ते यामुळे. तुमच्या रिपोर्टसोबत जोड्यांचा फोटो आला असेल, तर तेराव्या आणि चौदाव्या घरात बघा. तिथला जोड नुसत्या डोळ्यांना दिसतो.

औषध : नाही. गुणसूत्रांचा जोड सोडवणारी गोळी नाही, काढा नाही, पथ्य नाही. गर्भ ‘टिकवण्याची’ प्रोजेस्टेरॉनची इंजेक्शनं किंवा पोटात टोचायचं हेपरिन यांनी चुकीची वाटणी झालेला गर्भ टिकत नाही, आणि टिकू नये हेही खरं. पण हेपरिन आणि अॅस्पिरिनला एका ठिकाणी पक्कं स्थान आहे. अँटिफॉस्फोलिपिड सिंड्रोम नावाच्या आजारात रक्त गोठण्याची प्रवृत्ती वाढते आणि गर्भ पडतात, तिथे या औषधांनी फरक पडतो. त्याच्या रक्ततपासण्या बायकोच्या झाल्यात का ते पाहा. रिपोर्ट सदोष आला तर किमान बारा आठवड्यांनी त्या पुन्हा कराव्या लागतात, हा दुसरा फेरा बरेच जण टाळतात. थायरॉइड, साखर आणि गर्भपिशवीत पडदा आहे का, एवढं बघितलेलं असावं. फाइलमध्ये ‘टॉर्च’ नावाच्या महागड्या तपासणीचे तीन-तीन कागद असतील, तर माझं स्पष्ट मत ऐका : वारंवार होणाऱ्या गर्भपातांचं कारण शोधायला तिचा उपयोग नाही. आपल्याकडे बीओएच, म्हणजे आधीच्या बाळंतपणांचा इतिहास वाईट, असा शिक्का बसला की ती सवयीनं लिहिली जाते. नवऱ्याचं दोन-तीन मिलिलिटर रक्त घ्यायचं मात्र शेवटपर्यंत कुणाला सुचत नाही. पैसे वाचवायला आधी बायकोचाच कॅरिओटाइप (गुणसूत्रांची तपासणी) करायचा हा प्रकारही सर्रास चालतो. दोघांचं रक्त एकाच दिवशी घ्यावं, हे या सदराच्या सगळ्याच वाचकांसाठी.

टेस्ट ट्यूब करावं का? घाई नको. नेदरलँड्समध्ये दोन किंवा जास्त गर्भपात झालेल्या आणि एकात गुणसूत्रांचा संतुलित दोष असलेल्या जोडप्यांचा काही वर्षं पाठपुरावा केला गेला. २००६ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये तो प्रसिद्ध झाला. अशा जोडप्यांपैकी ८३ टक्क्यांना किमान एक निरोगी मूल झालं. ज्यांच्यात असा दोष नव्हता त्यांच्यातही हा आकडा ८४ होता. वाहक जोडप्यांना मधल्या काळात गर्भपात जास्त सोसावे लागले हे खरं, पण शेवटी दोन्ही गट जवळपास एकाच ठिकाणी पोचले. तुमच्या आईचं उदाहरण घरातच आहे : दोन गर्भ पडले, मग तीन मुलं. हा जोड त्यांच्याकडून आला असेल, वडिलांकडून आला असेल किंवा तुमच्यातच नव्यानं झाला असेल. हे आई-वडिलांच्या तपासणीशिवाय सांगता येणार नाही, आणि तुमच्या पुढच्या निर्णयासाठी त्याची गरजही नाही.

टेस्ट ट्यूबमध्ये गर्भाच्या काही पेशी काढून गुणसूत्रं तपासायची आणि बरोबर वाटणी झालेलाच गर्भ पिशवीत सोडायचा, असं तंत्र आहे. त्यानं गर्भपात कमी होतात. पण घरी बाळ येण्याची एकूण शक्यता त्यामुळे वाढते, असं ठाम दाखवणारा पुरावा नाही. खर्च लाखांत जातो आणि इंजेक्शनं सगळी बायकोला. तिचं वय पस्तिशीपलीकडे असेल, तुमच्या शुक्राणूंची संख्या कमी असेल (या जोडात काही पुरुषांची असते, म्हणून वीर्यतपासणी करून घ्या) किंवा आणखी एक गर्भपात सोसायची तिची तयारी नसेल, तर हा मार्ग धरावा. तिसरं कारण मी पहिल्या दोन्हींइतकंच मोठं धरतो, आणि ते ठरवायचा हक्क तिचा आहे. केंद्र २०२१ च्या सहायक प्रजनन कायद्याखाली नोंदलेलं आहे का, तेवढं तपासून घ्या.

स्वाभाविकपणे दिवस राहिले, तर ११ ते १३ आठवड्यांत वारेचा कण किंवा सोळाव्या आठवड्याच्या सुमारास गर्भजल काढून गुणसूत्रं तपासता येतात. गर्भजल म्हटलं की आपल्याकडे लोक दबकतात, आणि त्याला कारण आहे. याच तपासणीचा मुली मारायला इतका गैरवापर झाला, की महाराष्ट्राला १९८८ साली देशात सर्वांत आधी कायदा करावा लागला. १९९४ चा केंद्राचा कायदा त्यानंतरचा. पण त्या केंद्रीय कायद्यातच गुणसूत्रदोषांसाठी तपासणीला मुभा आहे, आणि ‘दोन किंवा अधिक गर्भपात झालेली स्त्री’ हे त्यासाठीचं एक कारण स्पष्ट लिहिलेलं आहे. तुम्ही चोरून काही करणार नाही. केंद्र नोंदणीकृत हवं, बायकोची लेखी संमती लागते, मुलगा की मुलगी हे कुणी सांगणार नाही आणि तुम्ही विचारायचंही नाही. गंभीर दोष निघालाच, तर २०२१ च्या सुधारणेनंतर २४ आठवड्यांपर्यंत, आणि वैद्यकीय मंडळाच्या निर्णयानं त्यापुढेही, गर्भपाताचा मार्ग कायद्यानं खुला आहे.

नाडीचं दोन ओळींत. नाड्या तीनच : आद्य, मध्य, अंत्य. त्या ठरतात जन्मनक्षत्रावरून. सत्तावीस नक्षत्रं तीन नाड्यांत वाटल्यावर कुठल्याही तीन जोडप्यांतलं साधारण एक ‘एक नाडी’चं निघणारच, मग त्यांना अर्धा डझन मुलं का असेनात. नागबळीनं आईच्या मनाला बरं वाटलं असेल तर झालं ते झालं. दुसऱ्यांदा करायचं कुणी सुचवलं, तर तेच पैसे समुपदेशनाच्या फेरीसाठी बाजूला ठेवा.

भावाला सांगा, तिसऱ्या भावंडालाही सांगा. तुमच्या आई किंवा वडिलांत हा जोड असेल, तर तुमच्या प्रत्येक भावंडात तो असण्याची शक्यता निम्मी आहे. तो सापडला म्हणून लग्न मोडायचं कारण नाही. मूल हवं असेल तेव्हा डॉक्टरांना आधी सांगायचं, इतकाच त्याचा उपयोग. त्यानं तपासणी करायची की नाही, मुलीकडच्यांना केव्हा सांगायचं, हे त्याला ठरवू द्या. गावभर करायची ही गोष्ट नव्हे.

पुढचं काम असं. मूळ रिपोर्ट, जोड्यांचा फोटो आणि बायकोची फाइल घेऊन जनुकीय समुपदेशकाकडे दोघांनी मिळून जा. लोणीचं प्रवरा रुग्णालय तुमच्याच तालुक्यात आहे. तिथल्या स्त्रीरोग विभागात विचारा, की हे समुपदेशन तिथे होईल का, नाही तर पुण्याला कुणाकडे चिठ्ठी द्याल. जाण्याआधी फोन करा, म्हणजे फेरी वाया जाणार नाही. तोपर्यंत बायकोनं फॉलिक अॅसिड चालू ठेवावं.

आणि घरी. इतकी वर्षं तिनं ऐकून घेतलं. आता कागद तुमच्या नावाचा आहे, म्हणून बोल तुमच्याकडे वळवायचा असंही नाही. रॉबर्टसोनियन जोड कुणाच्या खाण्यापिण्यानं, वागण्यानं किंवा पापानं होत नाही. पण आईला ही गोष्ट तुम्ही स्वतः सांगा, बायको समोर बसलेली असताना. तिला सांगायला लावू नका.